एका मिनिटाला एकच गाडी

माझी आत्या एकतीस वर्षं बसस्थानकावर कंट्रोलर होती, आणि या एकतीस वर्षांत तिने एकदाही स्टिअरिंगला हात लावला नाही. "चालवणारे पुष्कळ मिळतात रे," ती म्हणते, "थांबवणारा मिळत नाही."

थांबवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. स्थानकाला फाटक एकच, तेही अरुंद. सकाळच्या वेळी प्रत्येक ड्रायव्हरला वाटायचं की आपली बस आधी निघाली पाहिजे. आत्या पत्र्याच्या केबिनमध्ये माइक घेऊन बसायची. "फलाट तीनचे ड्रायव्हर, चहा संपला असेल तर गाडी काढा. संपला नसेल तरी काढा. फलाट पाच, तुम्ही काढू नका, तुम्हाला कोणी सांगितलं?" तिचा नियम साधा होता. एका मिनिटाला फाटकातून एकच गाडी. एकदा मोठ्या साहेबांची जीप हॉर्न वाजवत मध्येच घुसली, तेव्हा ही खाली उतरून जीपसमोर उभी राहिली. "साहेब, तुमचं मिनिट नऊ चोवीसचं. आत्ता नऊ तेवीस झालेत." साहेब एक मिनिट थांबले. नंतर आत्याची बदली सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत झाली. दोन महिन्यांत फाटकात गाड्या इतक्या अडकायला लागल्या की तिला गुपचूप केबिनमध्ये परत आणावं लागलं. ती परत आली ती सापडलेल्या वस्तूंमधली एक छत्री घेऊन, आणि त्याबद्दल तिला विचारायची कोणाची छाती झाली नाही.

निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तीन मिनिटं मागे आहे म्हणून तिने ते तिथल्या तिथे परत केलं.

अशी बाई घरी बसली तर घरच्यांचं काय होईल, याची आम्हाला काळजी होती. माझे वडील म्हणजे तिचे धाकटे भाऊ. त्यांची आंघोळीची वेळ तिने पहिल्याच आठवड्यात ठरवून दिली. पण दुसऱ्या महिन्यात रिक्षावाले आले आणि आम्ही सुटलो.

हे रिक्षावाले म्हणजे तिचे जुने वैरी. स्थानकाच्या फाटकात रिक्षा आडव्या लावायच्या आणि आत्याच्या शिव्या खायच्या, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा धंदा. आता सगळ्यांच्या रिक्षा बॅटरीच्या झाल्या होत्या. सव्वीस जणांनी मिळून लाकडाची जुनी वखार भाड्याने घेतली होती आणि तिथे चार्जिंगचे चौदा पॉइंट बसवले होते. सव्वीस रिक्षा, चौदा प्लग, आणि रोज मारामारी. त्यांच्यातला एक फारच उतावळा होता, त्याला सगळे 'घाई' म्हणायचे. तोच पुढे होऊन बोलला, "बाई, आम्हाला तुमच्याशिवाय कोणी ओरडलेलं चालत नाही."

"माझा शब्द शेवटचा असेल," आत्या म्हणाली.

"तो कधी नव्हता?" घाई म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून वखारीत फळा लागला. कोणाची रिक्षा किती वाजता निघणार, बॅटरी किती उरली आहे, आणि प्लग कधी मिळणार, हे सगळं खडूने. लवकर निघणाऱ्याला आधी, बॅटरी बरी असेल त्याला नंतर. वादावादी झाली की ती फळ्याकडे बोट दाखवायची. फळ्याशी भांडता येत नाही, हे रिक्षावाल्यांना पंधरा दिवसांत कळलं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे, कारण पुढच्या भानगडीत माझाही हात आहे. मी वीज कार्यालयात कारकून आहे. गावाकडच्या शाळेतून आलेल्या माणसाला कचेरीत दोन गोष्टी पटकन जमतात, टाइप करणं आणि 'हो साहेब' म्हणणं. आत्याला आलेली नोटीस मी या दोन्ही गोष्टी करूनच तयार केली होती.

झालं असं. आमच्या भागात बऱ्याच छपरांवर सौर पॅनेल बसली. दिवसा ऊन असलं की वीज मुबलक, संध्याकाळी मात्र ओढाताण. म्हणून कार्यालयाने ठरवलं की लोकांनी गाड्या संध्याकाळऐवजी दिवसा चार्ज कराव्यात. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत दर कमी. कल्पना उत्तम होती. मग आमच्या इंजिनीयरसाहेबांनी चौकाचौकात फलक लावले: 'घड्याळात दहा, चार्जिंग सुरू करा.' लोकांनी आज्ञाधारकपणे तेच केलं. हल्ली गाडीला वेळ लावून ठेवता येते, ती आपोआप चार्जिंगला लागते. सगळ्यांनी दहा लावले. कोणी नऊ अठ्ठावन्न लावले नाहीत, कोणी दहा पाच लावले नाहीत. फलकावर दहा होते.

पहिल्याच सोमवारी दहाच्या ठोक्याला कोपऱ्यावरची डीपी उडाली. डीपी म्हणजे खांबावरचा तो ट्रान्सफॉर्मर, ज्यावरून आख्ख्या भागाला वीज जाते. बुधवारी दहाला पुन्हा. पुढच्या सोमवारी पुन्हा. तक्रारीच्या खिडकीवर मी होतो, त्यामुळे लोकांनी माझ्या घराण्याबद्दल काय काय काढलं ते मी इथे लिहीत नाही.

साहेबांनी वापराची यादी मागवली. यादीत सगळ्यात वर आत्याची वखार. गुन्हेगार सापडला. नोटीस निघाली: 'आपल्या बेजबाबदार वापरामुळे परिसराचा वीजपुरवठा वारंवार खंडित होत आहे. सात दिवसांत चूक मान्य करून सही द्यावी व चौदापैकी दहा पॉइंट कायमचे बंद करावेत, अन्यथा जोडणी तोडण्यात येईल.'

चार पॉइंटवर सव्वीस रिक्षा म्हणजे सतरा-अठरा जणांनी घरी बसायचं. बहुतेकांनी जुन्या रिक्षा देऊन या घेतल्या होत्या, मागे जायला रस्ता नव्हता.

नोटीस द्यायला मलाच पाठवलं. आत्याने चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"कोणी टाइप केली?"

"मी."

"बेजबाबदार हा शब्द तुझा की तुझ्या साहेबाचा?"

"साहेबांचा."

"मग बस. चहा घे."

चहा झाल्यावर मी सही मागितली. ती म्हणाली, "सही मी एकतीस वर्षांत फक्त वेळेच्या रजिस्टरवर केली. न केलेल्या चुकीवर करायची सवय नाही."

"आत्या, सातव्या दिवशी लाइनमन येऊन तार कापेल."

"येऊ दे ना. चहा त्यालाही देऊ."

दुसऱ्या दिवशी तिने वखारीतले चौदाही प्लग काढून ठेवले. एकही रिक्षा लावू दिली नाही. घाई तणतणत होता, "बाई, साहेब बंद करायच्या आधी तुम्हीच बंद केलंत की!" तिने त्याला गप्प बसवलं, खुर्ची उचलली आणि डीपीच्या खांबासमोर रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. मांडीवर वही. दहाला दोन मिनिटं कमी असेपर्यंत सगळं शांत. दहा वाजले, डीपी घुमली, आवाज चढला, आणि ठप्प. समोरच्या दुकानातला पंखा हळूहळू थांबला.

आत्या खुर्चीतून लगेच उठली नाही. तिने आधी वहीत एकच ओळ लिहिली, मग माझ्या कार्यालयात आली. तक्रारीच्या रांगेत न थांबता आत गेली, हे तिच्या आयुष्यातलं रांग मोडण्याचं पहिलं उदाहरण.

"साहेब, आज माझ्याकडे एकही गाडी लागली नव्हती. तरी उडाली."

साहेब तरुण होते, हुशार होते, फक्त त्यांना यादीवर फार विश्वास होता. "योगायोग असू शकतो, मॅडम."

"तीन सोमवार-बुधवार दहाच्याच ठोक्याला, तो योगायोग नाही, आणि आज मी बंद ठेवलं तर योगायोग?"

"तुम्हाला विजेतलं कळतं का?"

"नाही," आत्या म्हणाली. "गर्दीतलं कळतं. तुम्ही सगळ्या बसना सांगितलंत दहा वाजता निघा. फाटक एकच आहे. मोडणारच. यात बसची चूक नाही, वेळापत्रकाची आहे. आणि वेळापत्रक तुमचं आहे."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "नोटिशीची मुदत सात दिवस आहे," ते म्हणाले.

"सहा उरलेत," आत्या म्हणाली. वेळेच्या बाबतीत ती दुसऱ्याची चूक सोडत नाही.

त्या संध्याकाळी तिने मला घरी पकडलं. "ही तुमची डीपी एका वेळी किती रिक्षांचं ओझं झेलते?"

मी म्हटलं, "असं रिक्षात मोजत नाहीत."

"मी मोजते."

मग मी लाइनमनला विचारून हिशोब आणला. घरांचे दिवे-पंखे सोडून, उन्हात, साधारण चाळीस रिक्षांएवढं. तिने तेच माप धरलं. स्कूटर म्हणजे अर्धी रिक्षा. चारचाकी म्हणजे तीन रिक्षा. बेकरीवालीची डिलिव्हरी व्हॅन चार. आख्ख्या भागातल्या सगळ्या गाड्यांचं तिने रिक्षांत भाषांतर केलं, आणि बेरीज आली सत्त्याण्णव. "सत्त्याण्णव रिक्षा, चाळीसचं फाटक, आणि सगळ्यांना दहाची वेळ," ती म्हणाली. "तुमच्या साहेबाला स्थानकावर एक दिवस बसवला असता ना, तर..." पुढचं वाक्य तिने भावाच्या घरात आहे म्हणून गिळलं.

पुढचे चार दिवस ती दारोदार फिरली. हातात वही, बरोबर घाई, कारण रिक्षा त्याची होती. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना जागेवरून ओरडून हलवलं, तिला आता लोकांच्या पायऱ्या चढून विनंती करावी लागत होती. विनंती हा प्रकार तिला जमत नाही. ती दार उघडणाऱ्याला सरळ सांगायची, "तुमची गाडी म्हणजे तीन रिक्षा. तुम्हाला बारा वाजून वीस मिनिटं."

काहींना गंमत वाटली, काहींनी दार लावून घेतलं. संगीत शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मला कोणती वेळ दिली तरी चालेल, फक्त ती बदलू नका. आत्याला त्या फार आवडल्या. दाताचे डॉक्टर मात्र अडून बसले. "माझी गाडी, माझं बिल. मी दहालाच लावणार."

"डॉक्टर, तुम्ही सगळ्या पेशंटना दहालाच बोलावता का?"

"नाही, वेळा देतो."

"का बरं?"

"खुर्ची एकच आहे ना माझ्याकडे."

"डीपी पण एकच आहे." आत्याने वही उघडली. "तुम्हाला एक दहा. तुमच्या जेवणाची वेळ. गाडी पण जेवेल."

डॉक्टर तोंड उघडून बघत राहिले. एरवी हे काम त्यांचे पेशंट करतात.

सगळ्यांत मोठं बंड घरातच झालं, म्हणजे वखारीत. तिने स्वतःच्या रिक्षांना सगळ्यात गैरसोयीच्या वेळा दिल्या होत्या. सात-सात, सहा-सहाच्या तुकड्या, मध्येच काढायच्या, पुन्हा लावायच्या. घाई म्हणाला, "लोकांना चांगल्या वेळा आणि आम्ही काय लोक नाही?"

"तुम्ही ड्रायव्हर आहात. माझं ऐकायची तुम्हाला सवय आहे, त्यांना नाही."

"आणि एवढं करून साहेबाने तोडलीच जोडणी तर?"

"तर मी सही केली नाही एवढं तरी राहील. तुला सही करून चार प्लग हवेत का? मग त्या चारांवर कोण आठ जण चालवणार ते आत्ता ठरव. उभा राहा इथे आणि बाकीच्या अठरा जणांची नावं तूच वाच."

घाईने नावं वाचली नाहीत.

सातव्या दिवशी पावणेदहाला साहेब आले. बरोबर लाइनमन, शिडी आणि मी. मला का आणलं होतं कोण जाणे, बहुधा घरचं माणूस म्हणून. ज्या खांबावरून वखारीला तार जायची, त्याच्या बुडाशी आत्या खुर्ची टाकून बसली होती. लाइनमनने शिडी लावायला जागा शोधली. खांबाला चारही बाजूंनी आत्याच होती.

"मॅडम, बाजूला व्हा."

"किती वाजले?"

"पावणेदहा."

"मुदत नोटीस मिळाली त्या वेळेपासून. मला ती सव्वाअकराला मिळाली, याला विचारा, यानेच दिली." ती माझ्याकडे बघत होती. साहेबही माझ्याकडे बघत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा 'हो साहेब'च्या जागी नुसतं 'हो' म्हटलं.

"दीड तास आहे तुमच्याकडे," आत्या म्हणाली. "तुमचा मीटर डीपीला लावा आणि बघत बसा. उडाली तर मी स्वतः शिडी धरते."

साहेबांनी डीपीकडे पाहिलं. लाइनमनला म्हणाले, "लाव." त्याने शिडी डीपीच्या खांबाला लावली आणि वर चढून चिमट्याचा मीटर तारेला अडकवला.

दहा वाजले. काहीच झालं नाही. आकडा थोडासा हलला, एवढंच. दहा तीनला आणखी थोडा चढला, दहा सातला आणखी थोडा. आत्या खुर्चीतूनच ओरडत होती आणि तिचा आवाज वखारीत घुमत होता, "चार नंबर, लावा. नऊ नंबर, लावू नका, तुम्हाला कोणी सांगितलं?" आकडा पायऱ्या चढल्यासारखा चढत होता. साहेबांनी हातातला जोडणी तोडायचा हुकूम घडी करून खिशात घातला हे मी पाहिलं.

दहा पन्नासला ढग आला. एकच, पण भलामोठा. बरोबर आमच्या भागावर येऊन थांबला. छपरांवरची पॅनेल झोपली, आणि उन्हाने उचललेलं सगळं ओझं डीपीच्या अंगावर आलं. लाइनमन वरून ओरडला, "साहेब, लालमध्ये गेला!" डीपी घुमायला लागली. तोच तो चढा आवाज.

"बंद करा! काहीतरी बंद करा!" साहेब ओरडले. कोणाला ओरडले ते त्यांनाही माहीत नसावं.

आत्याने खिशातून स्थानकावरची जुनी शिट्टी काढली आणि एकदाच, लांब वाजवली. वखारीतले ड्रायव्हर त्या आवाजाला वीस वर्षं घाबरत आले होते. विचार करायच्या आधीच त्यांचे हात चालले. सगळ्यात पहिला प्लग घाईने ओढला, दुसऱ्याचाही त्यानेच ओढला, आणि तिसऱ्याला ढकलून त्याचाही. दहा सेकंदांत वखार रिकामी. आकडा धाडकन खाली आला. डीपीचा आवाज उतरला. समोरच्या दुकानातला पंखा फिरतच राहिला, आणि दवाखान्यात डॉक्टरांचं मशीन चालू राहिलं. आत्ता त्या खुर्चीत तोंड उघडून कोण बसलं होतं, याचा मी विचार करायचं टाळलं.

दहा-बारा मिनिटांनी ढग सरकला. सगळे ड्रायव्हर प्लग हातात घेऊन तयार. "थांबा!" आत्या गरजली. "एका मिनिटाला एक." आणि एकेक रिक्षा पुन्हा लागली.

साहेब मीटरकडे बघत होते, मग आत्याकडे. त्यांचा आवाज बदलला होता. "मॅडम, हे आमच्याकडे मोठमोठ्या यंत्रांनी करायचं चाललंय. गरज पडली की ओझं उतरवायचं, मोकळं झालं की चढवायचं. आम्ही कार्यालयातून फोन करून सांगितलं, तर तुम्ही असंच कराल?"

"सांगितलं तर नाही," आत्या म्हणाली. "विचारलं तर करीन. आणि आधी ती नोटीस लेखी मागे घ्या."

दुपारी मी पत्र टाइप केलं. 'ग्राहकाने आपल्या चुका सुधारल्यामुळे नोटीस रद्द करण्यात येत आहे.' आत्याने ते वाचून परत केलं. "मी काही सुधारले नाही. होते तशीच आहे."

दुसरं पत्र: 'परस्पर गैरसमज दूर झाल्यामुळे.' तेही परत आलं. "माझा कोणताही गैरसमज नव्हता. कोणाचा होता ते लिही."

मी साहेबांना तसं सांगितलं. ते वैतागले. "कार्यालय स्वतःची चूक लिहीत नाही. तशी पद्धतच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पावणेअकराला, आकाश पुन्हा भरून आलं. साहेबांनी स्वतः वखारीत फोन लावला. मी समोरच बसलो होतो. आत्याचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता, तिला माइकची सवय असल्याने.

"बाई, जरा ओझं उतरवता का?" साहेब म्हणाले. त्यांनी पहिल्यांदा तिला ड्रायव्हरांसारखं 'बाई' म्हटलं.

"उतरवते. लोकांचे पंखे बंद पडू नयेत म्हणून उतरवते. पण साहेब, ते पत्र येईपर्यंत तुमच्या कार्यालयाशी माझं भांडण चालूच आहे, हे लक्षात ठेवा."

साहेबांनी फोन ठेवला. मग कोरा कागद घेतला आणि मला टाइप करायला न देता स्वतःच्या हाताने लिहिलं: 'सर्वांनी दहा वाजता चार्जिंग सुरू करावे ही सूचना या कार्यालयाची होती. ती चुकीची होती. वखारीच्या जोडणीचा त्यात दोष नव्हता. नोटीस रद्द.' खाली सही.

पत्र घेऊन ते स्वतः वखारीत गेले, मी मागे मागे. आत्याने उभ्या उभ्याच वाचलं. ड्रायव्हर रिक्षा सोडून भोवती गोळा झाले. तिने कागद परत त्यांच्या हातात दिला.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

साहेबांनी तारीख घातली. आत्याने कागद घडी करून वहीत ठेवला आणि तीच वही उघडून विचारलं, "तुमच्या कार्यालयाच्या आवारात दोन गाड्या चार्जिंगला असतात ना? याच डीपीवर?"

"हो."

"कितीला लावता?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. फलक निघाला त्या दिवसापासून आमच्या दोन्ही गाड्या दहाला लागत होत्या, आणि त्या बदलायचं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"म्हणजे सहा रिक्षा," आत्या लिहिता लिहिता म्हणाली. "एकीला दोन सत्तावीस, दुसरीला तीन वाजून चार. एक मिनिट इकडचं तिकडे झालं, तर नोटीस मी पाठवीन."